चार मिनिटांचं गाणं, तीस तासांचं बिल

“मामा, गाण्याच्या व्हिडिओचं एडिटिंग करून द्यायला किती घेतात रे?”

भाच्याने हे विचारलं तेव्हा शूटिंग उरकून चार दिवस झाले होते. म्हणजे माल कापून झाल्यावर ड्रॉइंग मागायला यावं, तसा तो आला होता.

भाचा आकुर्डीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. पाच मित्रांनी मिळून चार मिनिटांचं एक मराठी रॅप रचलं, एकाने घरीच रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओसाठी भोसरी एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपची शेड मिळवली. तीही गुरुवारी. (आपल्या या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.) दोन मोबाइल आणि दिवसाच्या भाड्याने आणलेला एक कॅमेरा घेऊन पोरांनी सकाळपासून अंधार पडेपर्यंत चित्रण केलं. आता ते एका पेन ड्राइव्हमध्ये मावत नव्हतं आणि कुणाच्याच लॅपटॉपवर धड चालत नव्हतं.

त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘फुकटापासून पंचवीस हजारांपर्यंत’ असं आहे, पण असल्या उत्तराने कुणाचं भलं होत नाही. म्हणून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्या संध्याकाळी जे ध्यानात आलं ते आधीच सांगून टाकतो. एडिटरच्या बिलात सॉफ्टवेअरचा भाग नगण्य असतो. कौशल्याचा असतो, पण तोही वाटतो तेवढा नाही. मोठा भाग असतो तो आपण वेळेवर न घेतलेल्या निर्णयांचा.

आधी तास मोजा

चाकण-भोसरीच्या घरांत ‘मशीन अवर रेट’ हा शब्द नवा नाही. व्हीएमसी मशीनवर जॉब लावला की तासाला अमुक रुपये, मग पीस किती निघतील ते बघू. एडिटरने उक्ता आकडा सांगितला तरी त्याच्या डोक्यात हाच हिशेब चालू असतो. तो आपणही करावा.

चार मिनिटांचं गाणं आणि दोन तासांचं फुटेज धरू. फुटेज उतरवून घेणं, क्लिपना नावं देणं आणि सगळं एकदा डोळ्यांखालून घालणं याला चार तास. प्रत्येक क्लिप गाण्याशी जुळवणं, म्हणजे सिंक, एक तास. कच्चा कट आठ तास, त्यावरून पक्का कट पाच. रंगकामाला पाच. गाण्याचं नाव आणि श्रेयनामावली दोन. तुमच्या दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या मिळून चार. शेवटची फाइल काढणं आणि तपासणं एक. झाले तीस तास.

आता दर. मी इथे हिशेबापुरते दर धरतो. तुम्हाला सांगितलेला दर त्यांच्या जागी घाला. शिकता शिकता काम घेणारा विद्यार्थी तासाला दीडशे धरेल, तर साडेचार हजार. दोन-तीन वर्षं लग्नाच्या आणि कॉलेजच्या कामांवर हात बसलेला मुलगा दोनशे ते चारशे, म्हणजे सहा ते बारा हजार. स्वतःचा स्टुडिओ, रंगकामाचा चांगला मॉनिटर आणि जागेचं भाडं असलेला माणूस आठशे लावेल, तर चोवीस हजार. तिघांचे तास सारखे नसतात, हे खरं. अनुभवी माणूस कच्चा कट पाच तासांत उरकतो. पण फुटेज पाहायला त्यालाही तेवढाच वेळ लागतो; दोन तासांचं फुटेज कुणीही दोन तासांच्या आत नीट पाहू शकत नाही.

बिल पहिल्यांदा फुगतं ते इथेच. चार मिनिटांच्या गाण्याचे तीन जागी प्रत्येकी चार पूर्ण टेक घेतले तर अठ्ठेचाळीस मिनिटं होतात. त्यावर तासभर किरकोळ दृश्यं आली तरी दोन तासांच्या आतच राहतो. भाच्याच्या टोळीकडे साडेपाच तासांचं फुटेज होतं, कारण टेक संपल्यावर कॅमेरा बंद करायचं काम कुणाकडेच दिलेलं नव्हतं. त्यातला मोठा भाग म्हणजे जमिनीकडे तोंड करून चालू राहिलेला मोबाइल आणि वडापाव कुणाचा, यावरचा वाद. ते निवडून टाकायला एडिटर तासाचे पैसे घेणारच, आणि त्याने का घेऊ नयेत? हे काम पोरांनी स्वतः घरी बसून केलं असतं तर फुकटात झालं असतं. आम्ही शेवटी तेच केलं. एका रविवारी पाचही जण आमच्या हॉलमध्ये बसले आणि साडेपाच तासांचे पावणेदोन केले. एडिटरने सांगितलेल्या आकड्यातले दोन हजार तिथेच सुटले, आणि उक्तं काम सहा हजारांवर ठरलं.

फर्स्ट पीस

कारखान्यात हजार नग कापण्याआधी पहिला नग क्वालिटीकडे जातो. तिथून सही झाल्याशिवाय मशीन पुढे चालत नाही. गाण्याच्या एडिटिंगला मात्र बहुतेक पोरं पूर्ण हजार नग तयार झाल्यावर म्हणतात, “दादा, आम्हाला वेगळंच काहीतरी वाटत होतं.”

एडिटरकडून आधी वीस-तीस सेकंदांचा तुकडा मागा. ध्रुवपदाचा असला तर उत्तम. त्यात कटांचा वेग, रंगाचा पोत, अक्षरांची जात, सगळं आलं पाहिजे. त्यावर पाचही जणांनी एकत्र बसून काय ते ठरवायचं. एकत्र, हे महत्त्वाचं. कारण ग्रुपवर टाकलं की एक जण अंगठा दाखवतो, दुसरा हसतो आणि तिसरा आठवड्याने जागा होतो. एडिटरशी बोलणारा माणूस एकच असावा. पाच जण पाच दुरुस्त्या कळवतात तेव्हा त्यांतल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध असतात.

दुरुस्ती कळवताना वेळ लिहा. ‘मधे कुठेतरी बोअर होतंय’ हे वाक्य एडिटरच्या काही कामाचं नाही. ‘१:४२ ते १:५१, एकच चेहरा सलग, मधे हातांचा शॉट घाला’ असं लिहिलं की दहा मिनिटांत काम होतं. आणि किती फेऱ्या उक्त्या रकमेत धरल्या आहेत, पुढच्या फेरीचे किती, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. साधारण दोन फेऱ्या रास्त. ‘अनलिमिटेड करेक्शन’ म्हणणाऱ्यापासून जरा जपून राहा. त्याने एकतर त्याचा खर्च आधीच आकड्यात धरलेला असतो, नाहीतर तिसऱ्या फेरीनंतर तो फोन उचलायचा बंद होतो.

दुसरी गोष्ट, गाणं पक्कं झाल्याशिवाय शूटिंग करू नका. शूटिंगनंतर मित्राला वाटलं की बीट जरा जलद हवा होता, तर ओठांची सगळी जुळणी गेली. शूटिंगला वाजवायची आणि एडिटरला द्यायची फाइल एकच असावी, तीही वेव्ह फॉरमॅटची. एमपीथ्री करताना सुरुवातीला बारीकशी शांतता वाढू शकते. सेटवर गाणं मोठ्याने वाजवा आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी द्या. कॅमेऱ्यात गेलेला तो आवाज शेवटी वापरायचा नसतो, पण त्याच्या लहरींवरूनच सॉफ्टवेअर क्लिप जागेवर बसवतं. आवाज गेलाच नसेल तर एडिटर ओठ बघून बसवत राहतो, आणि मीटर चालू असतं.

ट्यूबलाइटचा दंड

भाच्याच्या फुटेजमध्ये सगळ्यात महाग पडली ती गोष्ट शूटिंगच्या दिवशी कुणाला दिसलीसुद्धा नव्हती. मोबाइलवरच्या निम्म्या शॉट्समध्ये काळसर आडवे पट्टे हळूहळू सरकत होते.

कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइल आपल्या मनाने सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि शटर १/६० च्या आसपास ठेवतो. अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या विजेला ते जुळतं, भोसरीच्या नाही. उपाय फुकटचा आहे: २५ फ्रेम आणि शटर १/५०. हे हाताने ठरवू देणारं ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मोफत मिळतं. त्यातच व्हाइट बॅलन्सही बांधून ठेवा, म्हणजे माणूस खिडकीकडून मशीनकडे वळला की चेहरा निळ्याचा पिवळा होणार नाही.

पट्टे नंतर काढता येतात, पण लुकलुक घालवण्याचं साधन डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत नाही, पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहे. अंधाऱ्या शॉटमधली दाणेदार खरखर काढण्याचंही तसंच. म्हणजे तुमचा मोफत सॉफ्टवेअरवाला विद्यार्थी-एडिटर तिथे थांबतो आणि तुम्हाला महागाच्या माणसाकडे जावं लागतं. आम्ही ते शॉट सरळ वगळले.

स्लो मोशन हवं असेल तर त्याचीही युक्ती शूटिंगलाच करावी लागते. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्या वेगात ओठ हलवायचे आणि चित्रण सेकंदाला ५० फ्रेमने करायचं. मग ते २५ ने चालवलं की हालचाल तरंगती होते आणि ओठ मूळ गाण्यावर बरोब्बर बसतात. साध्या वेगाने घेतलेला शॉट नंतर ताणला तर ओठ जुळत नाहीत आणि चित्र अडखळतं. ५० फ्रेमला शटर १/१०० ठेवा. तेही आपल्या विजेला चालतं.

मोबाइलच्या फुटेजचा आणखी एक छुपा खर्च आहे. बरेच फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, क्षणाक्षणाला थोडा बदलतात. अशी क्लिप एडिटिंगमध्ये सुरुवातीला जुळते आणि तीन मिनिटांनी ओठ मागे पडतात. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून ती स्थिर वेगाची करून मगच एडिटरला द्या. रात्री लावून झोपलात तर सकाळी तयार.

आणि गुरुवारची मेख: शेड मोकळी असते हे खरं, पण महावितरणही देखभाल-दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारचाच मुहूर्त धरते. आदल्या दिवशी विचारून घ्या.

सॉफ्टवेअर, डिस्क आणि इतर सामान

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ४के अल्ट्रा एचडीपर्यंतची फाइल काढून देते, त्यावर शिक्का उमटवत नाही आणि विद्यार्थ्याच्या कामाला नव्वद टक्के वेळा पुरते. पूर्ण आवृत्ती २९५ डॉलरला, एकदाच घ्यायची. एका गाण्यासाठी ती विकत घेऊ नये. लॅपटॉप कमी ताकदीचा असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, दोन्ही फुकट. रिझॉल्व्हला १६ जीबी रॅम असली तर बरं. ८ जीबीवर चालवायचं तर आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती करून घ्या. यूट्यूबवरचे निम्मे धडे ज्या कॅपकटचे असतात ते ॲप आपल्या देशात २०२० पासून बंद आहे. कुणीतरी पाठवलेली त्याची मोडतोड केलेली फाइल फोनमध्ये घालून बँकेचं ॲपही त्याच फोनवर वापरणं यासारखा महागाचा फुकटेपणा नाही.

डिस्कचा हिशेब मात्र शूटिंगआधी करा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचं एक मिनिट सुमारे १७० एमबी होतं, म्हणजे दोन तासांचे वीस जीबी. कॅमेरा १०० मेगाबिटने लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी. प्रोरेस हा शब्द ऐकून कुणी फोनमध्ये तो चालू केला तर ४केचं एक मिनिट सहा जीबीपर्यंत जातं. तो मोह आवरा. एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क पाच-सहा हजारांच्या आसपास पडते, पण विकत घ्यायलाच हवी असं नाही, उसनी चालते. फुटेजच्या प्रती दोन, दोन वेगळ्या घरांत. एडिटरकडची प्रत धरायची नाही. आणि फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. पाठवणंच भाग असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते चेपून जातं.

अक्षरं तुटतात तेव्हा

मराठी गाण्याच्या व्हिडिओतला हा खास आपला खर्च. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर टाकला की कधी कधी जोडाक्षरं फुटतात आणि ‘ि’ची वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. एडिटर हिंदी किंवा इंग्रजी कामांत वाढलेला असेल तर त्याच्या ते लक्षातही येत नाही. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडलं की बहुतेक प्रश्न सुटतो. दुसरा घोळ फ्लेक्सवाल्याकडून नावं टाइप करून आणली की होतो. तिथे पुष्कळदा श्रीलिपीसारख्या पुण्यातच घडलेल्या जुन्या प्रणालीत टाइप करतात, आणि युनिकोड नसलेला तो मजकूर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ‘संगीत’च्या जागी चिन्हांचा कचरा येतो. नावं मोबाइलवर टाइप करूनच द्या. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे ‘एक टाइप’ या संस्थेचे देवनागरी फाँट फुकट आणि परवान्याच्या कटकटीविना वापरता येतात. कुठून तरी उतरवलेल्या फाँटचा परवाना कुणी विचारत नाही, हे खरं. पण गाणं चाललं की विचारतात.

गाणं कुणाचं?

एडिटिंगवर आठ हजार घालून व्हिडिओ चढवला आणि दुसऱ्या दिवशी तो काढावा लागला, तर ते आठ हजार पाण्यात. म्हणून हा भाग बिलात दिसत नसला तरी बिलाचाच आहे.

रॅप करणारी बहुतेक पोरं यूट्यूबवरचा ‘फ्री टाइप बीट’ घेतात. ‘फ्री’चा अर्थ तिथे बहुधा ‘पैसे कमवायचे नसतील तर फ्री’ असा असतो, आणि तोच बीट आणखी पन्नास जणांना दिलेला असतो. वापराचा परवाना वीस-तीस डॉलरपासून मिळतो. त्यात किती वेळा ऐकलं जाण्याची मुभा आहे आणि व्हिडिओला परवानगी आहे का, ही दोन वाक्यं वाचल्याशिवाय पैसे भरू नका. त्याच पैशांत ओळखीचा ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला मिळत असेल तर माझं मत त्यांच्या बाजूने. गाणंही वेगळं वाटतं.

जुन्या चित्रपटगीताचं किंवा भावगीताचं कव्हर करणार असाल तर गोष्ट आणखी गुंतते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१-सी पाच वर्षं उलटलेल्या गाण्याचं कव्हर ध्वनिमुद्रित करायची वाट देतं, आगाऊ सूचना आणि मानधन भरून. पण ती वाट आवाजापुरती. त्यावर चित्र लावायचं तर गाण्याच्या मालकाची वेगळी परवानगी लागते. कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी विद्यार्थी-पालकांसमोर गाणं सादर करायला कायदा सूट देतो. ती सूट सभागृहाच्या दारापर्यंत, यूट्यूबपर्यंत नाही.

चढवल्यावर ‘क्लेम’ आला तर घाबरू नका: बहुधा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. ‘स्ट्राइक’ आला तर मात्र व्हिडिओ उतरतो, आणि नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनेल जाऊ शकतं.

शेडमध्ये काय दिसतं

ओळखीच्या मालकाने “या रे, करा शूटिंग” म्हटलं तरी दोन ओळींचं पत्र घ्या. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत विनापरवानगी रॅपचं चित्रीकरण झाल्यावर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला होता, हे आपल्या पोरांना आठवत असेलच. सार्वजनिक जागेसाठी चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. मेट्रोच्या स्टेशनात ‘पटकन एक शॉट’ घ्यायला जाऊ नका. ड्रोनचं तर विचारूच नका. लोहगावचा विमानतळ आणि देहूरोडची लष्करी छावणी यांच्यामधल्या गावात आपण राहतो. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला उडवण्याचा परवाना लागत नाही, पण कुठे उडवायचं ते सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळाच्या नकाशावरच पाहावं लागतं.

शेडमधला दुसरा धोका जास्त घरगुती आहे. व्हेंडरच्या शेडमध्ये कंपन्यांचे डाय, भिंतीवर ड्रॉइंग, क्रेटवर पार्ट नंबर असतात. ते बाहेर दाखवायचे नाहीत असा करार मालकाने कंपनीशी केलेला असतो. पोरांना काय, मागे चकचकीत डाय दिसला की फ्रेम मस्त! भाच्याच्या व्हिडिओचा कच्चा कट पाहून मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. नऊ शॉट्समध्ये पार्ट नंबर वाचता येत होते. हलत्या कॅमेऱ्यात नंबर झाकायचा तर झाकण फ्रेमगणिक त्याच्या मागे फिरवावं लागतं. शॉटला दीडशे रुपये, नऊ शॉटचे साडेतेराशे. शूटिंगआधी एक ताडपत्री टाकली असती तर दहा मिनिटांचं काम होतं.

एडिटिंग जवळजवळ टाळायचंच असेल तर एका टेकचं गाणं करा. ओके गो या अमेरिकी बँडने २००६ मध्ये ‘हिअर इट गोज अगेन’ हे गाणं ट्रेडमिलवर नाचत एकाच शॉटमध्ये, एकही कट न मारता चित्रित केलं. पण त्यासाठी सतरा प्रयत्न करावे लागले. वाचलेले पैसे तालमीच्या घामात जातात. कॉलेजच्या वयात तो सौदा वाईट नाही. आणि कमी पैशांत कमी दर्जाच असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी क्वीनच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’चं १९७५चं चित्रण आठवावं. ते चार तासांत आणि साडेचार हजार पौंडांत उरकलं होतं.

माणूस आणि व्यवहार

एडिटर कुठून शोधायचा? कॉलेजच्या गॅदरिंगचं काम ज्याने केलं त्याला आधी विचारा. त्याचे आधीचे व्हिडिओ बघताना ध्रुवपदाची चमक पाहू नका. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर काय करतो ते पाहा. तिथे फुटेज संपत आलेलं असतं आणि माणसाची कारागिरी कळते.

व्यवहार व्हॉट्सॲपवर लिहिला तरी चालेल, पण लिहा: रक्कम, फेऱ्या, तारीख आणि हाती काय मिळणार. हाती चार गोष्टी याव्यात. यूट्यूबसाठीची फाइल; १०८०चं चार मिनिटांचं गाणं यूट्यूबने सुचवलेल्या ८ मेगाबिटने सुमारे २४० एमबी होतं. अक्षरांशिवायची एक प्रत. कमी चेपलेली मूळ प्रत. आणि उभी प्रत. ही उभी प्रत पोरं विसरतात आणि मग वेगळे पैसे पडतात; आडव्या चित्राची उभी काढताना प्रत्येक शॉटमध्ये चेहरा कुठे ठेवायचा ते पुन्हा ठरवावं लागतं. प्रोजेक्ट फाइल हवी असेल तर आधी बोला. बरेच एडिटर ती देत नाहीत किंवा वेगळे पैसे लावतात, आणि त्यात गैर काही नाही.

आगाऊ निम्मे, बाकीचे शेवटची फाइल तपासून. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या एडिटरला जीएसटीची नोंदणी लागत नाही. कुणी बिलावर अठरा टक्के लावले तर त्याचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक बिलावर असला पाहिजे. पैसे घेऊन काम दिलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. एवढ्या थराला सहसा गोष्टी जात नाहीत. बहुतेक भांडणं ‘किती फेऱ्या’ एवढ्यावरच असतात.

भाच्याचा हिशेब असा झाला. उक्तं काम सहा हजार. पार्ट नंबर झाकायचे साडेतेराशे. तिसऱ्या फेरीचे आठशे. ती फेरी लागली कारण पाचातल्या एकाला आपण एकाच कडव्यात दिसतो हे पक्का कट झाल्यावर कळलं. एकूण आठ हजार एकशे पन्नास, माणशी सोळाशे तीस.

शेवटची फाइल आली त्या रात्री ती घरच्या टीव्हीला लावली. फोनवर न दिसलेल्या गोष्टी टीव्हीवर दिसतात, म्हणून हे मीच सुचवलं होतं. भावजी चाकणला एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहेत. सेकंड शिफ्ट संपवून नुकतेच आले होते. उभ्या-उभ्या, पाण्याचा तांब्या हातात, त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “दिग्दर्शनातला ग पूर्ण लिहिलाय.”

भाच्याने एडिटरला तावातावाने फोन लावला. एडिटरने शांतपणे ग्रुपवरची नावांची यादी परत पाठवली. चूक यादीतच होती. पाचशे रुपये.